परतीचा कातळ : जाणते धैर्य आणि सागरविधी

धैर्य ज्ञानातून येते की ज्ञानाच्या अभावातून, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न प्लेटोने इ.स.पू. चौथ्या शतकात मांडला, तेव्हा उदाहरणादाखल त्याने दोन वेगवेगळ्या संवादांत पाणबुड्यालाच पुढे केले. ‘प्रोटागोरस’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो, की विहिरीत निर्धास्तपणे बुडी मारणारे कोण असतात. आणि उत्तर मिळते, की ज्यांना ती विद्या अवगत आहे ते, म्हणजे निर्भयता ज्ञानातून येते. ‘लाखेस’ या संवादात मात्र हेच उदाहरण उलटे फिरते. लाखेस हा अथेन्सचा सेनापती धैर्याची व्याख्या ‘चित्ताची चिकाटी’ अशी करतो, आणि सॉक्रेटिस त्याच्याकडून वदवून घेतो, की बुडी मारण्याची कला ज्याला येत नाही असा माणूस विहिरीत उतरला, तर कलावंत पाणबुड्यापेक्षा तोच अधिक धैर्यवान मानावा लागेल. पण अजाण चिकाटी हा मूर्खपणा आहे आणि मूर्खपणा हा सद्गुण असू शकत नाही, हेही लाखेसने थोड्याच वेळापूर्वी मान्य केलेले असते, त्यामुळे त्याची व्याख्या मोडते आणि संवाद निर्णयाविनाच संपतो. जाणत्याला भीती नसते म्हणून त्याला धैर्याची गरज पडत नाही, आणि अजाणाला धोका दिसत नाही म्हणून त्याच्या उडीला धैर्य म्हणता येत नाही, असा हा दुहेरी पेच आहे.

या पेचाची चर्चा करणाऱ्यांचे लक्ष सहसा एका साध्या गोष्टीकडे जात नाही, आणि ती म्हणजे प्लेटोचा पाणबुड्या विहिरीत उतरतो, समुद्रात नव्हे. विहिरीचे पाणी स्थिर असते, तिच्या कडेला लाट फुटत नाही, आणि ज्या जागेवरून माणूस आत गेला ती जागा तो वर येईपर्यंत तशीच राहते. विहिरीपुढे उभ्या असलेल्या माणसासमोर म्हणून एकच प्रश्न असतो, उतरावे की नाही. उतरल्यावर परतीची वाट उरली आहे का, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. उघड्या समुद्रकिनाऱ्यावरून, नावेच्या आधाराशिवाय, कातळावरून थेट पाण्यात शिरणाऱ्या पाणबुड्याचा सारा विषय मात्र याच दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो लक्षात घेतला की धैर्य आणि ज्ञान यांचा संबंध प्लेटोने मांडला तितका सरळ राहत नाही.

‘उघडा किनारा’ म्हणजे ज्याच्यापुढे बेट, प्रवाळभिंत किंवा खाडीचे वळण असा कोणताही आडोसा नाही आणि त्यामुळे खुल्या सागरात शेकडो मैल दूर उठलेल्या लाटा जिथे शक्ती फारशी न गमावता येऊन आदळतात, असा किनारा. स्थानिक वाऱ्याने उठलेली लाट आणि दूरच्या वादळातून निघालेली दीर्घ लाट यांत येथे फरक करावा लागतो. दोन शिखरांमधले अंतर काळात मोजले, तर पहिलीचा आवर्तकाळ पाच-सहा सेकंदांचा आणि दुसरीचा बारा-पंधरा सेकंदांचा असतो, आणि खोल पाण्यात लाटेची लांबी या काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने 6 सेकंदांची लाट सुमारे 56 मीटर लांब, तर 12 सेकंदांची सुमारे 225 मीटर लांब भरते. लाटेमुळे पाण्याची होणारी हालचाल तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते, म्हणून दीर्घ लाट किनाऱ्याजवळच्या दहा-पंधरा मीटर पाण्याला तळापासून हलवते, आणि तळाशी असलेला पाणबुड्या पुढे-मागे असा झोके खात राहतो. लाटेतली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते; एक मीटरची लाट दोन मीटरची झाली, तर कातळावरचा मारा दुप्पट नव्हे, चौपट होतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी केवळ गणिताची असली तरी तिचे नैतिक वजन मोठे आहे. लाटा एकसारख्या येत नाहीत; त्यांचे जथे येतात आणि मध्ये शांत काळ जातो. सागरशास्त्रात लाटांची उंची सांगताना सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी सांगण्याची रीत आहे, आणि त्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट हजार लाटांमध्ये अपेक्षितच धरली जाते. 12 सेकंदांच्या आवर्तकाळाने हजार लाटा येण्यास 3 तास 20 मिनिटे लागतात. पाच मिनिटे समुद्र पाहून ‘शांत आहे’ असा निवाडा देणाऱ्या माणसाने खोटे पाहिलेले नसते, त्याने अपुरे पाहिलेले असते. आणि तो ज्या लाटेचा हिशोब करत नाही ती लाट अपवाद नसून त्याच मालिकेतली नियमित सदस्य असते. उघड्या किनाऱ्यावर ‘अनपेक्षित लाट’ हा शब्द बहुधा समुद्राविषयी काही सांगत नाही, तो पाहणाऱ्याच्या घाईविषयी सांगतो.

आत शिरणे तुलनेने सोपे असते. मोठा जथा फुटून गेला की मागोमाग येणाऱ्या शांत अवधीत उडी मारावी आणि परतणाऱ्या पाण्याच्या ओढीबरोबर कातळापासून दूर व्हावे, इतके शरीर थोड्या सरावाने शिकते. कठीण असते ते बाहेर येणे. पाण्यातून पाहणाऱ्याला लाटेची फक्त पाठ दिसते, तिचा फुटणारा तोंडाचा भाग दिसत नाही. तो थकलेला, गारठलेला आणि ओल्या साहित्याने जड झालेला असतो. आणि मधल्या दोन तासांत भरती किंवा ओहोटी झाल्यामुळे ज्या पायरीसारख्या कातळावरून तो उतरला होता, तो कातळ पाण्याखाली गेलेला असतो किंवा डोक्याच्या वर उंच उरलेला असतो. म्हणून जाणते पाणबुडे पाण्यात शिरण्याआधी बाहेर येण्याच्या निदान दोन जागा ठरवतात, आणि तशा जागा सापडत नसतील तर शिरण्याची जागा कितीही सोयीची असली तरी शिरत नाहीत. क्रम उलटा आहे: आधी शेवट, मग आरंभ. विहिरीच्या उदाहरणातून हा क्रम कधीच सुचला नसता.

ज्ञान येथे निर्भयता देत नाही. ज्याला आवर्तकाळ, ओढ आणि भरतीचे वेळापत्रक कळते त्याला किनाऱ्यावर उभे राहून घाबरण्याची कारणे नवख्यापेक्षा जास्त दिसतात. ‘लाखेस’मध्ये दुसरा सेनापती निकिआस म्हणतो, की कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये याचे ज्ञान म्हणजेच धैर्य, आणि केवळ निर्भय असलेल्या पशूला धैर्यवान म्हणणे चूक आहे; हे मत त्या संवादात टिकत नसले तरी समुद्राच्या बाबतीत ते लाखेसच्या व्याख्येपेक्षा सत्याच्या जवळ जाते. ॲरिस्टॉटल मात्र येथे एक बोचरी शंका काढतो. त्याच्या निकोमाखीय नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात असे प्रतिपादन आहे, की समुद्रावर धैर्यवान पुरुष आणि खलाशी दोघेही न डगमगणारे दिसतात, पण कारणे वेगळी: धैर्यवानाने वाचण्याची आशा सोडलेली असते, तर खलाशी अनुभवामुळे आशावादी असतो. अनुभव माणसाला धैर्यवान बनवत नाही, तो त्याला आशावादी बनवतो, हे निरीक्षण फार महत्त्वाचे आहे. कारण पन्नास वेळा सुखरूप परतलेल्या माणसाला एक्कावन्नाव्या वेळी जे वाटते ते ज्ञान असते की केवळ सवयीतून आलेली आशा, हे त्याला स्वतःला आतून ओळखता येत नाही.

हा भेद एका समाजाने शतकानुशतके प्रत्यक्ष जगण्यातून हाताळला आहे. कोरियाच्या दक्षिणेला असलेल्या जेजू या ज्वालामुखीजन्य बेटावर, काळ्या बसाल्टच्या धारदार किनाऱ्यावरून समुद्रात बुड्या मारून शंख, अबालोन नावाचे कातळाला घट्ट चिकटणारे कवचधारी, समुद्री साळू आणि शेवाळ गोळा करणाऱ्या स्त्रियांना हेन्यो, म्हणजे ‘सागरस्त्रिया’, म्हणतात. श्वसनाचे कोणतेही उपकरण न वापरता त्या सुमारे दहा मीटर खोल जातात, एका बुडीला साधारण एक मिनिट श्वास रोखतात, आणि वर येताच ‘सुम्बीसोरी’ नावाची शिट्टीसारखी तीव्र फुंकर सोडून छातीतली कोंडलेली हवा बाहेर टाकतात. पाण्यावर त्यांचा आधार म्हणजे ‘तेवाक’ हा तरंगता गोळा, जो पूर्वी पोकळ भोपळ्याचा असे, आणि त्याखाली लोंबणारी जाळी. युनेस्कोने त्यांच्या संस्कृतीला 2016 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. 1960 च्या दशकात त्यांची संख्या वीस हजारांवर होती. आज ती तीन हजारांच्याही आत आली आहे आणि त्यांतल्या बहुसंख्य साठी ओलांडलेल्या आहेत. या स्त्रियांकडे पर्यटकांच्या छायाचित्रातले नवल म्हणून पाहण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यामुळे त्यांच्या आचारात दडलेला विचार झाकला जातो.

तो विचार ‘मुलसुम’ या एका शब्दात सापडतो. शब्दशः अर्थ ‘पाण्याचा श्वास’. म्हणजे पाण्याखाली नकळत घेतला गेलेला तो श्वास, ज्यात हवेऐवजी पाणी छातीत जाते आणि मृत्यू येतो. या स्त्रियांच्या समजुतीप्रमाणे मुलसुम हा अज्ञानामुळे येत नाही, लोभामुळे येतो. वर निघण्याची वेळ झालेली असते, श्वास संपत आलेला असतो, आणि तेवढ्यात कपारीत एक मोठा अबालोन दिसतो. तो सोडून वर यावे आणि पुन्हा बुडी मारावी, तर तीच कपार पुन्हा सापडेल याची खात्री नसते. तो काढण्यासाठी ‘बित्चांग’ नावाची लोखंडी पट्टी त्याच्याखाली घालावी लागते, आणि पहिल्या झटक्यात तो सुटला नाही तर पट्टीसकट कातळाला असा आवळून बसतो, की मनगटाला बांधलेली तिची दोरी हाताला तळाशी जखडून ठेवते. म्हणून दोरी कशी सोडवावी हे आधी शिकवले जाते, अबालोन कसा काढावा हे नंतर.

शरीरशास्त्र या समजुतीला वेगळ्या भाषेत दुजोरा देते. श्वास घेण्याची निकड प्राणवायू कमी झाल्याने जाणवत नाही, कर्बद्विप्राणिल वायू साचल्याने जाणवते. त्यामुळे बुडीपूर्वी घाईघाईने अनेक खोल श्वास घेतले तर हा वायू कमी होतो आणि निकड उशिरा येते, पण प्राणवायूचा साठा मात्र तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. दुसरे असे, की दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्याने फुप्फुसांतल्या प्राणवायूचा आंशिक दाब, म्हणजे वायूंच्या मिश्रणात त्या एका वायूच्या वाट्याचा दाब, तिथे चढलेला असतो आणि मेंदूला काही कमी पडत नाही. वर येताना बाहेरचा दाब निम्म्यावर उतरतो, त्याबरोबर प्राणवायूचा आंशिक दाबही झपाट्याने कोसळतो, आणि शुद्ध जाते ती पृष्ठभागाच्या अगदी जवळ. तळाशी असताना ‘अजून जमेल’ असे जे वाटते ते त्या क्षणी आणि त्या जागी खरेच असते, फक्त परतीच्या वाटेवर ते खरे राहत नाही. कातळावरून बाहेर येण्याचा प्रश्न आणि छातीतल्या श्वासाचा प्रश्न यांची रचना एकच आहे: दोन्हींत धोका जाण्यात कमी आणि येण्यात जास्त असतो, आणि दोन्हींत तो मोजावा लागतो तो जाण्याच्या वेळी.

भारतीय परंपरेत या अवस्थेला नेमके नाव देणारी संकल्पना आयुर्वेदात मिळते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्या अध्यायात ‘प्रज्ञापराध’ ही संज्ञा येते. माणूस स्वतःच्याच समजुतीविरुद्ध वागून स्वतःचे अहित ओढवून घेतो तो हा अपराध, आणि तो धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडतो असे चरकाचे म्हणणे आहे. धी म्हणजे यथार्थ जाणणारी बुद्धी, स्मृती म्हणजे जाणलेल्याची वेळेवर आठवण, आणि धृती म्हणजे विषयाकडे ओढल्या गेलेल्या मनाला अहितापासून आवरून धरणारी शक्ती. मराठीत आज धृती आणि धैर्य हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जातात आणि दोहोंत पुढे जाण्याची छटाच अधिक ऐकू येते; चरकाच्या धृतीत मात्र आवरण्याचा, थांबवण्याचा अर्थ मध्यवर्ती आहे. प्लेटोच्या पेचात न सापडणारी वाट येथे उघडते. लाखेसच्या संवादात दोनच पर्याय आहेत, जाणणारा आणि न जाणणारा. चरक तिसरा माणूस दाखवतो: ज्याला कळते, ज्याच्या बुद्धीत काही उणे नाही, पण ज्याचे कळणे हाताला रोखत नाही. मुलसुमने मरणारी हेन्यो ही बहुधा हीच तिसरी व्यक्ती असते. पहिल्या वर्षाची मुलगी इतकी खोल जातच नाही.

मग धृती कुठून येते? ती प्रत्येकाच्या अंतःकरणात उपजत असते आणि साधनेने वाढते, हे उत्तर संन्याशाच्या बाबतीत पुरेसे असेल. रोज पोटासाठी पाण्यात उतरणाऱ्या बाईला ते अपुरे पडते. जेजूच्या समाजाने धृतीचा भार एकट्या व्यक्तीवर ठेवला नाही, आणि त्यांच्या व्यवस्थेचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग हाच आहे. बुडी मारणाऱ्या स्त्रियांच्या कौशल्यानुसार तीन श्रेण्या असतात, सांगगुन, जुंगगुन आणि हागुन. वरच्या श्रेणीतल्या सांगगुन स्त्रिया समुद्र आणि वारा पाहून मार्गदर्शन करतात, आणि त्या मागे वळल्या तर इतरांनी पुढे जाणे हा उद्धटपणा समजला जातो. ‘बुलतोक’ नावाच्या दगडी भिंतींच्या, छप्पर नसलेल्या गोल आवारात शेकोटीभोवती बसून कपडे बदलताना आजचे पाणी कसे आहे याची चर्चा होते, आणि एकटीने पाण्यात जाण्याची मुभा नसते. धोका ओळखण्याची जबाबदारी ज्येष्ठांवर आणि थांबण्याची लाज कुणावरच नाही, अशी ही वाटणी आहे. मागे फिरणाऱ्या एकट्या माणसाला आपण भित्रे ठरू ही भीती वाटते, आणि ती कित्येकदा समुद्राच्या भीतीपेक्षा बलवान असते. समूहाने मागे फिरल्यावर तिला जागा उरत नाही.

1970 च्या दशकाच्या आरंभी रबरी पोशाख आला, तेव्हा या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. तोवर सुती कपड्यांत बुडी मारणाऱ्या या स्त्रियांना हिवाळ्यात थोडाच वेळ पाण्यात राहता येई. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळी पाणी दहा अंशांच्या आसपास उतरते, आणि सुक की होंग व हर्मन राहन या शरीरशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात दाखवून दिले होते, की थंडीला तोंड देण्यासाठी या स्त्रियांच्या शरीराचा मूलभूत चयापचय हिवाळ्यात वाढत असे. रबरी पोशाखानंतर ते अनुकूलन काही वर्षांत नाहीसे झाले आणि पाण्यात राहण्याचा वेळ तासांमध्ये मोजला जाऊ लागला. थंडी ही शरीराने घातलेली मर्यादा होती. ती गेली तेव्हा तिच्या जागी माणसांनी मर्यादा घालणे आवश्यक झाले, आणि गावोगावच्या मच्छीमार संघटनांनी बुडीचे दिवस, प्रजननाच्या काळातली बंदी, शंखाचा किमान आकार, आणि हवेच्या टाक्या न वापरण्याचा नियम यांना अधिक घट्ट धरले. हवेची टाकी वापरली तर एक स्त्री दहा जणींचे काम करील, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. टाकी नाकारण्यामागे समुद्र रिकामा होण्याची चिंता होती, आणि तितकीच, श्वास हा माणसाच्या हावेला पडलेला शेवटचा लगाम आहे ही जाणीवही असावी.

याच ठिकाणी धर्मविधीचा प्रश्न येतो. जेजूच्या लोकश्रद्धेनुसार चांद्र पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी योंगदुंग हालमांग ही वाऱ्याची वृद्ध देवता बेटावर येते आणि पंधराव्या दिवशी निघून जाते. ‘हालमांग’ म्हणजे आजी. हा काळ फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या आरंभी पडतो, जेव्हा हिवाळी वाऱ्यांचा अंमल संपत असतो आणि समुद्र कोणत्या क्षणी पालटेल हे सांगता येत नाही. परंपरेने या पंधरवड्यात समुद्रात जाणे वर्ज्य असे. किनाऱ्यावरचे शंख या दिवसांत आतून रिकामे निघतात, कारण आजीने ते खाल्लेले असतात, आणि जाताना ती समुद्रात नवे बी पेरून जाते, अशी समजूत आहे. जेजू शहरातल्या चिलमोरिदांग या स्थानी होणारा तिच्या स्वागताचा व निरोपाचा विधी युनेस्कोच्या यादीत 2009 मध्येच आला. त्यात सिम्बांग, म्हणजे देवतांना आवाहन करणारा पुजारी, वारा आणि नागराजा या देवतांना बोलावतो, बाजरीवर्गीय धान्याचे दाणे बियाणे म्हणून उधळले जातात, बुडून मेलेल्यांसाठी कागदात बांधलेला भात समुद्रात सोडला जातो, आणि शेवटी गवताची छोटी होडी पाण्यात सोडून देवतेला निरोप दिला जातो.

अशा विधींचे सर्वांत प्रसिद्ध स्पष्टीकरण ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाचे आहे. पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवर त्याने पाहिले, की सरोवरासारख्या शांत आतल्या पाण्यात मासेमारी करताना लोक कोणतेही मंत्रतंत्र करत नाहीत आणि खुल्या समुद्रात जाताना मात्र विस्तृत विधी करतात. त्यावरून त्याने असा सिद्धांत मांडला, की जिथे ज्ञान आणि कौशल्य यांची हद्द संपते तिथे जादूविधी सुरू होतो आणि तो माणसाची चिंता शमवतो. हा सिद्धांत सुबक आहे, कदाचित गरजेपेक्षा जास्त सुबक. जेजूचा विधी त्याच्या चौकटीत नीट बसत नाही, कारण तो सागराचे कमीत कमी ज्ञान असलेल्यांचा नसून सर्वाधिक ज्ञान असलेल्यांचा आहे, आणि तो माणसाला निश्चिंत करून पाण्यात पाठवत नाही, तर पंधरा दिवस पाण्याबाहेर ठेवतो. त्याची जागा ज्ञान संपते तिथे नाही. अनुभवातून आलेली आशा जिथे ज्ञानाचे सोंग घेऊ लागते तिथे आहे. निष्णात स्त्रीला एखाद्या दिवशी समुद्र शांत वाटला, तर तिच्या त्या वाटण्याशी वाद घालण्याचा अधिकार गावात कुणालाही नसतो, कारण तिच्याहून अधिक कुणाला कळत नाही. आजी आली आहे, एवढेच तिला सांगता येते. श्रद्धा येथे हवामानवृत्ताचे काम करत नाही, आणि तिला प्राचीन हवामानशास्त्र म्हणून गौरवणे हाही तिचा एक प्रकारे अपमानच आहे. बुडून मेलेल्यांच्या नावाने भात सोडला जातो तेव्हा गाव चरकाच्या अर्थाने स्मृती जागी ठेवत असते, आणि मृतांची आठवण जिवंत असलेल्या गावात ‘मला काही होणार नाही’ हे वाक्य उच्चारणे अवघड होते.

तथापि विधी थांबवतो म्हणून तो शहाणाच असतो, असे मानले तर तेही चुकीचे ठरेल, आणि याचा पुरावा प्लेटोच्याच संवादातला एक माणूस देतो. धैर्य म्हणजे भय-अभयाचे ज्ञान असे म्हणणारा निकिआस हा ऐतिहासिक पुरुष होता. इ.स.पू. 413 मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजपुढे हरत चाललेली अथेन्सची फौज समुद्रमार्गे माघार घेण्याच्या तयारीत असताना 27 ऑगस्टला चंद्रग्रहण झाले, ज्योतिष्यांनी तीन गुणिले नऊ दिवस थांबण्यास सांगितले, आणि शकुनांवर भर असलेल्या निकिआसने त्यापूर्वी निघण्याचा विचारही करण्यास नकार दिला. त्या मुदतीत शत्रूने बंदराचे तोंड अडवले, फौज नष्ट झाली आणि निकिआस मारला गेला. थ्युसिडिडीझने हा वृत्तांत नोंदवून ठेवला आहे. ‘लाखेस’मध्ये सॉक्रेटिस निकिआसच्याच समोर सांगतो, की कायद्याने सेनापती ज्योतिष्याला आज्ञा देतो, ज्योतिषी सेनापतीला नव्हे; प्लेटोच्या वाचकांना त्याचा शेवट ठाऊक असल्याने हे वाक्य त्यांना टोचल्याशिवाय राहिले नसेल. जेजूची आजी आणि सिराक्यूजचे ग्रहण या दोन्ही निषेधांत थांबण्याचीच आज्ञा होती. पण एकाने शिरण्याची वाट बंद केली आणि दुसऱ्याने बाहेर पडण्याची. विधीचे मूल्यमापन करताना ‘खरा की खोटा’ या प्रश्नाआधी हा प्रश्न विचारला पाहिजे, की तो माणसाला कातळाच्या कोणत्या बाजूला अडवतो.

कोकण किनाऱ्यावरच्या कोळी समाजातही अशी शिरण्याची वाट राखणारी सीमारेषा आहे. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून होड्या पाण्यात न लोटण्याची रूढी ही पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रापुढे उभे केलेले कुंपणच होय. आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची शासकीय बंदी असते, आणि पौर्णिमा ज्या वर्षी ऑगस्टच्या उत्तरार्धात येते त्या वर्षी कायदा खुला झाल्यावरही धर्माची मुदत संपलेली नसते. या मधल्या दिवसांत कोण निघते आणि कोण थांबते, याचे उत्तर दर वर्षी बंदराबंदरांत वेगळे मिळते.

राहतो तो छंदासाठी बुडी मारणाऱ्याचा प्रश्न, ज्याच्यामागे ना पोटाची गरज असते, ना बुलतोकची शेकोटी. स्वतःच्या जिवाचा धोका पत्करणे हा व्यक्तीचा अधिकार आहे, हा युक्तिवाद त्याच्या बाजूने नेहमी केला जातो, आणि गिर्यारोहणासारख्या क्षेत्रात त्यात बरेच तथ्यही असेल. उघड्या किनाऱ्यावर तो लंगडा पडतो, कारण तिथे बुडणारा माणूस कातळावर उभ्या असलेल्यांना दिसत असतो, त्याची हाक ऐकू येत असते, आणि कुणीतरी त्याच्यामागे उडी घेतेच. ज्या लाटेने पहिल्याला बाहेर येऊ दिले नाही ती दुसऱ्यालाही येऊ देत नाही. एकट्याचा धोका असा प्रकार तिथे जवळजवळ नसतोच. प्रशिक्षणसंस्था त्याला आवर्तकाळ वाचायला, जोडीने उतरायला, ठरलेल्या हवेवर परत फिरायला शिकवतात, आणि हे सारे धीचे शिक्षण मोलाचे आहे. पण तीनशे मैल प्रवास करून, रजा खर्चून, मित्रांबरोबर किनाऱ्यावर पोहोचलेल्या माणसाला ‘आज नाही’ असे सांगणारी आजी त्याच्याजवळ नसते. निघण्यापूर्वीच त्या किनाऱ्यावरच्या एखाद्या स्थानिक, अनुभवी माणसाच्या हाती नकाराचा अधिकार सोपवणे आणि तो नकार वाद न घालता मानणे, एवढाच पर्याय त्याला उरतो, आणि तो पर्याय न स्वीकारणाऱ्याने स्वातंत्र्याची भाषा वापरू नये.

जेजूच्या काही गावांत समुद्राचा एक उथळ, आडोशाचा तुकडा ‘हालमांग बादांग’, म्हणजे ‘आजीचा समुद्र’, म्हणून राखून ठेवलेला असतो. वय झालेल्या, खोल जाण्याची ताकद सरलेल्या स्त्रियांनी तिथे शंख वेचावेत अशी ही योजना आहे. तिथे शिरणे सोपे, बाहेर येणे त्याहून सोपे, आणि माल किनाऱ्यापासून हाताच्या अंतरावर असतो. सांगगुन स्त्रिया तिथे उतरत नाहीत.